लाल हाताचा राजपुत्र आणि आमचा बांध

पेणच्या वाचनालयात मला तो सापडला. वेल्सचा राजपुत्र, सहाशे वर्षांपूर्वीचा. घराण्याचं राज्य इंग्रजांनी गिळलं, तर हा फ्रान्सच्या राजाकडे पगारी लढवय्या झाला. आयुष्यभर म्हणत राहिला, गादी माझी. लोक त्याला लाल हाताचा म्हणत. मला वाटलं, कंपनीच्या भाडोत्र्यांवर मी लिहीत होतो त्या पत्रकाला नेमका माणूस मिळाला.

कारण भावकीतच एक भाडोत्री होता. चुलतभाऊ, आमचा दादा, रोह्याला कंपनीच्या गेटवर शिफ्टमध्ये उभा राहायचा. त्याच कंपनीला आमची खारजमीन हवी होती.

त्या आठवड्यात उधाणाने खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड पडली. आमच्याकडे घरटी एक माणूस रांगेत उभा राहतो, चिखलाचे गोळे हातोहात भगदाडापर्यंत जातात. ज्याच्या हातचा गोळा शेजारी घेतो, त्याचं घर जमिनीच्या निर्णयात धरलं जातं. दादा शिफ्ट सोडून आला आणि नेमका माझ्या शेजारी उभा राहिला.

"कंपनीचा पगार खाणाऱ्याचा गोळा मी घेनार नाय!" मी ओरडलो आणि पुरावा म्हणून राजपुत्राची गोष्ट लावली.

रांग थांबली. चिखल कालवणाऱ्या बायकांना पुरावा नको होता, गोष्ट हवी होती.

"मंग पोचला का घरी?" दादाच्या आईने, काकीने, विचारलं.

"नाय. जहाजं घेऊन दोनदा निघाला. एकदा वादळाने परत लावलं, एकदा राजाने दुसरीकडं धाडलं."

"मेला कसा?"

"इंग्रजांचा एक हेर आला. गावाकडचाच हाय म्हणाला, घरच्या बातम्या सांगायला लागला. यानं त्याला जवळ ठेवलं. एका सकाळी हा केस विंचरत बसला होता, तेव्हा त्या हेरानं याला भोसकला."

"अगो बाय!" मागून कुणीतरी म्हणालं.

काकी माझ्याकडे बघतच राहिली. "घरच्या बातमीपायी जीव गेला त्याचा. आनि तू त्याला भाडोत्री म्हनतोस?"

"पगार तर परक्याचाच ना!"

"व्हय, परक्याचाच," दादा म्हणाला. गुडघाभर चिखलात, गोळा पुढे धरून. "पन तो पोचला नाय, मी पोचलोय. भरती चढतेय. घेतोस का टाकू खाली?"

पाणी खरंच चढत होतं, आणि सगळी रांग माझ्या हातांकडे बघत होती. पत्रकातला 'भाडोत्री' हा शब्द मी मागे घेतला नाही. गोळा घेतला.

दोनचार गोळे गेल्यावर दादाने हळूच विचारलं, "त्याचा हात लाल कशानं रे?"

पुस्तकात नव्हतं. तसं सांगितलं.

"मंग पेणला परत जाऊन बघ ना," तो म्हणाला, आणि पुढचा गोळा माझ्या छातीवर आदळला.