वाफेच्या शहरातला जोडीदार

‘तो वाफेच्या मशिनींचा गेम घेऊ का गं? सेलमध्ये आहे.’ आमच्या ग्रुपवर हे कुणी ना कुणी विचारतंच. गेमच्या बाबतीत तिथे माझा शब्द चालतो. पालघरच्या ऑफिसातून बोईसरला घरी आलं की चहा आणि मग गेम, हा माझा नेम सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी कुठल्याही गेमबद्दल मी तोंड सोडून बोलते. याच्याबद्दल विचारलं की ‘सांगते नंतर’ लिहून फोन पालथा ठेवते.

तसा गेम भिकारच आहे. तांब्याचे पाइप, पितळी चष्मे, धूर ओकणारी विमानं, सगळा थाट आहे, पण पैसे संपलेत हे पदोपदी कळतं. शत्रू तीनच तऱ्हेचे, नुसत्या टोप्या बदलून पुन्हा पुन्हा येतात. ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच. नायकाच्या हातात एक भलामोठा पाना असतो आणि मागे एक मेकॅनिक जोडीदार. तो कुठेही गेलं तरी मागे मागे येतो. त्याला काम सांगितलं की करून येतो आणि म्हणतो, ‘झालं. पुढे?’ आख्ख्या गेममध्ये त्याला एवढंच बोलता येतं.

मी तो पूर्ण खेळले आणि मग दादाला दिला. दादा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. पावसाळा सरता सरता तिथे वाफेची लाइन फुटली. दादाला खरचटलंही नाही. त्याचा पाळीतला जोडीदार मात्र गेला. तेव्हापासून दादा घरात बसून. कंपनीतून फोन आला की उचलत नाही, आईने ताट वाढलं की जेवतो, नाही वाढलं तर मागत नाही. मला वाटलं, वाफेचं काम करणारा माणूस, वाफेच्या गेममध्ये रमेल. अक्कल गहाण टाकली होती माझी, दुसरं काय! पहिल्याच दृश्यात बॉयलर फुटतो. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझ्यावर कडाडली, “भाजलेल्या माणसाला निखाऱ्याचं खेळणं आणलंस होय गं?”

मी बंद करायला उठले, तर दादा म्हणाला, “असू दे.”

आणि खेळायला लागला. रोज. पण कसा, तर शत्रू दिसला की वाट बदलायचा. त्या जोडीदाराला मागे घेऊन नुसता गल्ल्यांतून फिरायचा, पुलावर जाऊन उभा राहायचा. पाळीतल्या जोडीदाराबरोबर त्याचं तसंच असायचं. शुक्रवारी एमआयडीसी बंद, सकाळीच लाइटही जायची ती संध्याकाळपर्यंत, म्हणून दोघं स्कूटरवरून चिंचणीला जायचे, जोडीदाराच्या घरी. त्याची आई दोघांना पुढ्यात बसवून जेवू घालायची. तो गेल्यापासून दादाने चिंचणीचा रस्ता धरला नव्हता. दहाव्यालाही गेला नाही. त्या माउलीने दोनदा निरोप धाडला, ‘एकदा येऊन जा म्हणावं.’ आईने समजावलं, मी भांडले. तो भिंतीकडे बघत बसायचा. माणसं टाकून बोलायला लागली होती. मला त्याची चीड यायची आणि रडूही यायचं.

त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून मी घरी होते. दादा गेममध्ये एका दारापाशी अडकला होता. आत वाफ गळतेय, जोडीदाराला व्हॉल्व्ह बंद करायला पाठवा, तरच दार उघडतं. दुसरी वाटच नाही. गेले कित्येक दिवस तो इथपर्यंत येऊन परत फिरायचा. माझा संयम सुटला.

“अरे पाठव की त्याला! गेम आहे तो, दादा!”

“मीच पाठवलं होतं,” तो म्हणाला.

मग तो पडद्याकडे बघतच बोलला. “गळतीचा आवाज येत होता. मी म्हटलं, तू जाऊन बघ, मी इथे प्रेशर बघतो. एरवी माझं एक ऐकायचा नाही. त्या दिवशी ऐकलं.”

मला फक्त गेम ठाऊक होता. मी म्हटलं, “पाठव. त्याला काही होत नाही.”

दादाने बटण दाबलं. जोडीदार त्या पांढऱ्या वाफेत शिरला. एक पाय तर सरळ पाइपातून आरपार गेला, इतकं स्वस्तातलं काम. आणि परत आला. पँटला हात पुसले. ‘झालं. पुढे?’

बनवणाऱ्यांकडे त्याला मारण्याइतकेही पैसे नसावेत. पहिल्यांदा खेळताना मी या जागेवर खो खो हसले होते. दादा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग असा रडला की आई दारातच थिजली. “असं येतात का गं परत?” एवढंच म्हणत होता. “असं येतात का?”

तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला. दादाने नाक पुसलं आणि विचारलं, “आज शुक्रवार आहे?”

कामावर न जाणाऱ्याला वार कुठले लक्षात राहणार! मी हो म्हटलं. तो उठला, खुंटीवरचा शर्ट घातला आणि म्हणाला, “स्कूटरची चावी दे. तूही चल.”

कारखान्यांचा उग्र वास मागे पडून सुक्या मासळीचा वास यायला लागला. चिंचणीला घरासमोर स्कूटर लावली. मी फाटकापाशीच थांबले. जोडीदाराची आई पडवीत तांदूळ निवडत होती. दादाला बघून तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागली.

“एकटाच आलास? तो नाय आला?”

सवयीने गेलं तिच्या तोंडून. मग तिचं तिलाच कळलं आणि सूप मांडीवरून घसरलं. दादा खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करायला लागला. मान वर न करता म्हणाला, “मीच पाठवलं त्याला, मावशी. व्हॉल्व्ह बघायला. मी पाठवलं.”

तिने आम्हाला आत या म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. दादा तांदूळ वेचत राहिला, ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.