अर्धं बाहेर ठेवणारे साडू

वणीहून मारेगावला जाताना मी चालत्या गाडीची काच खाली केली आणि तोंडातल्या खर्र्याची पिचकारी रस्त्याच्या कडेला मारली. म्हणजे मारायचा विचार होता. तोंडावर मास्क आहे हे मी विसरलो होतो. पुढचं वर्णन करत नाही. सुपारी-तंबाखूचं हे मिश्रण ज्यांनी कधी गालात धरलं आहे त्यांना ते कळेल, आणि बाकीच्यांनी सुखात राहावं. शेजारी बसलेले आमचे साडू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शाळेतल्या प्रयोगाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहा साडभाऊ, एक थेंब बाहेर नाही गेला. आन् तुम्ही म्हनता मास्क कामाचा नाही." मग पिशवीतून धुतलेला दुसरा मास्क काढून माझ्या मांडीवर ठेवला.

आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. या गृहस्थांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पुरती अंगावर घेतलेली नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे यजमान. वणीच्या एका कचेरीतून निवृत्त झाले, आणि तिथंही म्हणे साहेब चिडले की साहेबांच्या आणि आपल्या मधे एखादं कपाट येईल अशी जागा धरून उभे राहत. कोणतंही संकट बंद होत नाही, पण अर्धं करता येतं, असं त्यांचं म्हणणं. घरासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, म्हणून त्यांनी व्हरांड्याला ओली पोती टांगली. धूळ यायची ती येतच राहिली. मी तसं म्हणालो तर शांतपणे उत्तर आलं, "बंद कराची आहे असं कोनं म्हटलं? पह्यले दिवसातून दोनदा झाडू माराव लागे, आता एकदा लागते." टीव्हीवरच्या बातम्या ते शेजारच्या खोलीत बसून ऐकतात. रश्श्यावरची तर्री वेगळ्या वाटीत काढून ठेवतात आणि रात्रीच्या जेवणाला खातात. एकूण तर्री तेवढीच जाते, पण पोटाला तयारीला वेळ मिळतो म्हणे. आक्कांचा आवाज मोठा आहे. त्या बोलायला लागल्या की साडू स्वयंपाकघराच्या पडद्यामागं जाऊन उभे राहतात. "शब्द सगळे येते," त्यांनी एकदा मला खासगीत सांगितलं, "पन धार कमी होते."

अशा माणसाला कोरोनाचा काळ म्हणजे आयुष्यभराच्या अभ्यासाची परीक्षाच. कानात अडकवायचे मास्क सैल बसतात म्हणून त्यांनी आक्कांकडून तीन पदरी मास्क शिवून घेतले, डोक्यामागं दोन गाठी मारायचे. दारात आलेल्या माणसापुढं ते पेटलेली काडी धरत आणि म्हणत, "फुंका." मास्कातून फुंकून काडी विझली तर मास्क नापास आणि पाहुणा अंगणात. माझ्या मास्कनं पहिल्याच फुंकेत काडी विझवली. मग मी सगळ्यांसमोर त्यांना ऐकवलं, की मास्क लावूनही लोकांना होतोच आहे, मग हे सोंग कायले?

"होते ना. नाही कोन म्हन्ते?" साडू म्हणाले. "पन घरी एकटा पाहुना येनं आन् वऱ्हाड येनं, यात फरक आहे का नाही? एकटा आला तं चहावर भागते. वऱ्हाड आलं तं पिठाचा डबा खाली होते."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

तर त्या दिवशी आम्ही मारेगावला निघालो होतो सासूबाईंना आणायला. त्या तिथं एकट्या राहत. आजूबाजूला एकेक घर आजारी पडत होतं, सासूबाईंना जुना दमा, आणि लस अजून आमच्याकडे पोहोचायची होती. बायकोनं मला यवतमाळहून पाठवलं, कारण गाडी माझ्याकडे. साडू सोबत आले, कारण माझ्यावर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता.

मारेगावात सासूबाई गाडीत बसताना साडूंनी स्वतःच्या हातानं त्यांना मास्क बांधला. "मले कोंबडीवानी काहून बांधून राह्यला?" सासूबाई म्हणाल्या. साडूंनी त्यांना मागच्या सीटवर माझ्यापासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात बसवलं, चारही काचा खाली केल्या आणि वणी येईपर्यंत कोणी बोलायचं नाही असा हुकूम सोडला. सासूबाई आणि मी, दोघंही बोलण्यावर जगणारी माणसं. त्या मागून हातवारे करत होत्या, मी आरशात पाहून मान हलवत होतो. ट्रकांचा धुराळा सगळ्या गाडीत. घरी उतरल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड मोकळं केलं आणि व्हरांड्यातून गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, की थोरल्या जावयानं आपल्याला तोंडात बोळा कोंबून आणलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळात मला ताप भरला. त्याआधीचा आठवडाभर रोज संध्याकाळी टपरीवर आम्ही चौघं मित्र डोक्याला डोकं लावून चहा पीत होतो. मास्क चौघांनाही होते, हनुवटीवर. तपासणीचा निकाल आला तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं आधी वणीला फोन लावला. मग माझं अंथरूण-पांघरूण बाहेरच्या खोलीत नेऊन टाकलं. आमच्या घरात हे लक्षण तापापेक्षा वाईट. तिच्या आईला मी ताप भरायच्या आदल्याच दिवशी गाडीतून आणलं होतं, आणि आता वाट पाहण्यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हतं.

सासूबाईंना ताप आला. तो निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात पालथा पडलो होतो आणि नाकात नळी होती. मला माझी भीती वाटत होतीच, पण मधेच श्वास जरा मोकळा झाला की वाटे, या वयात, त्या छातीनं, त्या कशा घेत असतील? तिकडे वणीला साडूंनी सासूबाईंच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकली होती आणि बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा ते तासातासाला सासूबाईंना मोठ्यानं वाचायला लावत. फोनवर आक्का रडत, साडू फक्त आकडा सांगत.

मग एका सकाळी बायकोचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, मला कळेना. सासूबाईंनी आक्कांशी भांडण काढलं होतं. भाजीला चव नाही, वरणाला चव नाही, एवढी वर्षं संसार केला आणि साधा ठेचा जमत नाही. त्यांची चव गेली होती, एवढंच. छाती साफ होती, आकडा घसरला नव्हता, ताप उतरला होता. खाटेवर पडल्या पडल्या मी त्या बेचव वरणाला मनोमन नमस्कार केला.

मी घरी येऊन हिंडायला-फिरायला लागलो तेव्हा वणीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे मास्कमुळंच का? त्या म्हणाल्या, "तसं मी लिहून देणार नाही. खिडक्या उघड्या होत्या, नशीबही असतं. पण विषाणू कमी गेला असेल, तर आजींच्या शरीराला सावरायला वेळ मिळाला असेल." मला हे उत्तर फार मिळमिळीत वाटलं. साडू मात्र खूश झाले. "असेल म्हनते ना बाई? बस झालं. अर्धं श्रेय आपल्याले पुरते." स्वतः त्यांचं दोन दिवस अंग दुखलं होतं, ते त्यांनी हिशेबातच धरलं नाही.

आता कोणी मास्क लावत नाही. आक्कांनी शिवलेल्या मास्कांनी साडू स्कूटर पुसतात. सासूबाई वणीलाच राहिल्या. व्हरांड्यात बसतात, माणसांची नावं विसरतात, पण जो कोणी येईल त्याला बोळ्याची गोष्ट न चुकता सांगतात, आणि दर वेळी तो बोळा थोडा मोठा झालेला असतो. साडू समोरच बसून ऐकतात.

परवा ती गोष्ट पुन्हा ऐकून आम्ही निघालो. मला काही राहवेना. रस्त्यात बायकोला म्हणालो, "तुझ्या आईला त्या माणसानं तिच्यासाठी काय केलं याचा पत्ताच नाही. कोणीतरी एकदा सांगायला पाहिजे."

धुराळा येत होता म्हणून तिनं काच अर्धी वर घेतली. मग म्हणाली, "राहू द्या. आई तक्रार कराले आहे ना अजून? भाऊजीले तेवढंच तं पाह्यजे होतं."