साडूंचे दोन हौद

आमच्या साडूंइतका जिद्दीचा शास्त्रज्ञ अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी माशांतलं ओ की ठो कळत नसताना छातीठोकपणे सांगतो. अंबाजोगाईच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं एक्स-रे काढले. किरणांपासून वाचवणारा शिशाचा एप्रन मात्र ‘लई जड हाय’ म्हणून खुंटीलाच. निवृत्तीच्या आदल्या दिवशी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे डब्यात घालून नेले आणि त्यांतल्या निम्म्यांनाही यंत्राखाली धरलं. तेव्हापासून अंगणात दोन हौद: एकात ‘किरण खाल्लेले’, दुसऱ्यात ‘बिनकिरणाचे’. गप्पीच्या नराच्या शेपटीवरचा ठिपका म्हणे बापाकडून लेकाकडे जातो. ह्यांनी प्रत्येक ठिपक्याची वंशावळ एक्स-रेच्या जुन्या पाकिटांवर लिहिलेली. जोडी जमवताना असा आजा-पणजा काढतात, की सासऱ्यांनी माझी एवढी चौकशी केली असती तर मी ह्यांचा साडू झालोच नसतो.

“कशापायी हा खटाटोप?” मी एकदा विचारलं. ते अंगणात खेळणाऱ्या नातीकडे बघत राहिले. तिला जन्मापासून कपाळावर पांढऱ्या केसांची बट आहे. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवताना साडू तेवढी बट चुकवतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. “माझ्या किरणानं तर झालं न्हाई ना, एवढंच बघायचंय. माशांच्या पिल्लांत रंग बदलला तर समजंल.”

गेल्या उन्हाळ्यात ते लग्नाला उमापूरला गेले आणि हौद माझ्या ताब्यात आले. दुपारी त्यातल्या एका हौदाला चीर गेली. मी धावपळ करून त्यातले सगळे मासे दुसऱ्यात ओतले आणि शाबासकीच्या आशेनं फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता; साडूंनी “दोन्ही एकातच?” एवढं विचारून फोन ठेवला.

“मासे वाचिवले तुमी, पावणं,” परत आल्यावर ते म्हणाले, “आन् माझी सात वर्सं बुडिवली.” बस्स, एवढंच. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

महिन्याभरानं नात हौदावर वाकून ओरडली, “आबा, ह्याला माझ्यासारखी बट हाय!” खरंच, एका पिल्लाच्या शेपटीत पांढरी रेघ होती. ते कुठल्या हौदाचं, हे सांगायला आता कोणी नव्हतं. साडूंनी सवयीनं पाकीट घेतलं, पेन उघडलं. बापाच्या नावापाशी हात अडला.

“कोणाचाय हा, आबा?”

“घरचाच हाय, बाई,” म्हणत त्यांनी तेवढंच लिहिलं, पेन मिटलं आणि नातीच्या बटेवरून सावकाश हात फिरवला. मी आपला हौदात वाकून उगीच मासे मोजत राहिलो.