पायरीवरचा सारभात

देवीला आपण काही दिलं की तीही काही देते, अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती. क्षयाचं निदान झालं आणि दोन वर्षांची लेक शेजारच्या गावी थोरल्या जाऊबाईंकडे पाठवावी लागली. त्या दिवशी मी गावदेवीला नवस बोलले: पोर परत माझ्या मांडीवर येईपर्यंत मासळी खाणार नाही, आणि जेवेन ते एकवेळ. थळच्या बाजूला वाढलेल्या बाईनं मासळी सोडणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसांना सांगायला नको.

अलिबागच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती. जोडीला कडू पूड होती, दिवसातून तीनदा घ्यायची. त्यांनी बजावलं होतं, "बाई, पूड भरल्या पोटी घ्या. दूध, अंडी, मासळी, मिळेल ते खा. देवीचा अंगारा खुशाल लावा, पण खा." मी नंदीबैलासारखी मान डोलावली, नवसाचं अवाक्षर काढलं नाही. रिकाम्या पोटी पूड घेतली की ढवळून यायचं, आणि सगळं उलटून पडायचं. अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं. औषध मला मानवतच नाही, असा निकाल मी परस्पर देऊन टाकला.

एका दुपारी उरलेल्या पुड्या पदराला बांधून मी देवळाकडे निघाले. त्या देवीच्या पायाशी ठेवायच्या आणि सांगायचं, आता तूच बघ. सुरूच्या बनातून जाताना पाय माझे वाटत नव्हते. अंगात ताप होता, पलीकडे समुद्र पांढरा चमकत होता आणि त्याची गाज कधी लांबून यायची, कधी माझ्या कानातूनच. देवळात कोणी नव्हतं. खांबाला टेकले आणि डोळे मिटले. लेकीच्या जावळाचा वास आल्यासारखं झालं. मग तो वास बदलत गेला. नारळाचा झाला, कोकमाचा झाला.

डोळे उघडले तर बाहेरच्या पायरीवर एक कोळीण पानावर भात वाढत होती, वर मुडदुशांचं, ताज्या मासळीचं सार. होडी सुखरूप परतली की कोळणी देवीला पायरीवर मासळीचा नैवेद्य दाखवतात, ही आमच्याकडची रीत. लहानपणापासून बघत आले होते, आणि नवस बोलताना मला तिची आठवणही झाली नव्हती.

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "अंगान ताप हाय गो बाय तुज्या. जेवलीस का न्हाय?"

"मासळी सोडलीय. देवीआईसाठी."

ती हसली. त्या हसण्यात चेष्टा होती, पण टोचणारी नव्हती. "आई सवता खाते, न् तुला सोडाया लावील? हा तिचा परसाद हाय. नको बोललीस तर तिलाच नको बोललीस."

प्रसादाला नाही कसं म्हणणार? पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं. खात होते आणि रडत होते. पान संपल्यावर तिनं तांब्या पुढे केला. मी पदराची गाठ सोडून एक पुडी त्याच पाण्याबरोबर घेतली आणि तिथेच झोपले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, बाई निघून गेली होती, आणि औषध पोटातच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी खूप रागावले, मग खायला काय काय करायचं ते समजावत बसले. इंजेक्शनं, पुड्या, चारीठाव जेवण, ओसरीवरच्या मोकळ्या हवेत दुपारची विश्रांती आणि संध्याकाळी अंगारा, असं सगळं हातात हात घालून चाललं. यातलं कशानं किती गुण आला ते मी कधी विचारलं नाही. त्या बाईला मात्र पुष्कळ शोधलं. कोळीवाड्यात दारोदार फिरले, प्रत्येकीत ती थोडी थोडी दिसली, पण ओळख कोणीच दिली नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "आता पोरीला घरी आणा." जाऊबाई तिला घेऊन आल्या. मी हात पुढे केले तर ती किंचाळून त्यांनाच बिलगली. पण या वेळी मी देवीला काही देऊ केलं नाही, काही मागितलंही नाही. ओसरीवर नुसती बसून राहिले. दिवेलागणीला ती आपणहून आली, माझ्याकडे न बघता मांडीवर बसली आणि तिथेच झोपून गेली.