टोपलीवाल्या बायकांचं धरण

हर्णैच्या मुलीने मासेमारी बघायला बुलढाणा जिल्ह्यात जायचं, ही उलटी गंगा माझ्या आईला काही पटेना. बाबांची होडी, आईची बंदरावर मासेविक्री; घरात मासे काय कमी होते? पण वसतिगृहातली मैत्रीण संगीता फोनवर म्हणाली, "ये वो तू. मले एकटीले भेव वाटते." मग निघालेच.

दापोली, पुणे, मेहकर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फारशी कात्री लागत नाही. मेहकरहून जानेफळला बस मिळते. वाटेत दोन्हीकडे सोयाबीनची सोंगणी चालली होती. टोपी मात्र घ्याच. तिकडचं ऑक्टोबरचं ऊन कुणाची गय करत नाही.

संगीताचा नवरा गजानन जवळच्या धरणात थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकतो. मधली काही वर्षं सगळ्यांनीच बारीक विणीच्या जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उपसली आणि धरण ओस पडलं. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याही बंदरावर हल्ली तळहाताएवढी पापलेटं येतात. पण इथे मासे विकणाऱ्या बायकांनीच ठरवलं, वितीहून लहान मासा विकायला घ्यायचा नाही. पुढाकार संगीताच्या सासूचा, सुभद्राबाईंचा. नवरे चिडले, रुसले, शेवटी बारीक जाळी गुंडाळून पावसाळाभर मजुरीला गेले. आता मोठ्या विणीचं पहिलं जाळं निघायचं होतं.

सकाळी आम्ही काठावर रिकाम्या टोपल्या घेऊन बसलो.

"आज मासा नाही भेटला तं हे सुरतले जातीन कामाले," संगीता म्हणाली.

"काऊन रडून राह्यली वो? येईन मासा," सुभद्राबाई म्हणाल्या. पण पदराशी त्यांचाही चाळा चालला होता.

तराफा बराच वेळ जागचा हलेना. मग गजानन ओरडला, "टोपले आना वो, मोठाले आना!"

कतला, रोहू, एकेक हातभर लांब! संगीता टोपली पुढे करत हसत सुटली. मी आपली उगाच रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात सुभद्राबाईंनी एका माशाला वीत लावली. तो कमी भरला, तसा तडफडत असतानाच पाण्यात सोडला. "पुढच्या साली येजो रे बाप्पा."

दुपारी तिखटजाळ रस्सा आणि ज्वारीची भाकरी. गोड्या पाण्यातल्या माशाला मी आजवर नाक मुरडत आले होते. त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. काटे निवडताना तारांबळ उडाली, तर गजानन म्हणतो, "समुद्रावरच्या तुम्ही, अन् तुमाले काटा लागते?"

घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवले, मोठ्या विणीच्या जाळ्याचं सांगितलं. एक धरण म्हणजे समुद्र नव्हे, हे मलाही कळतं. पण बाबांनी एकेक फोटो मोठा करून बघितला.

"त्यांच्यात पिल्लं धरायचा आधी थांबला कोण?"

"कुणीच नाही. बायकांनी थांबवलं."

विळीवर बसलेल्या आईने मान वर केली. "ऐकलंत ना? उद्यापासून पिल्लं आणलीत, तर तुमची तुम्ही विका."