चिंचेने घासलेली वायर

आज तांब्याचा गडू चिंचेने घासताना तो आंबट वास आला आणि, मुलांनो, मला आमच्या स्पीकरची वायर आठवली. तेव्हा आम्ही धुळ्याला, देवपुरात राहत होतो. तुमच्या आजोबांनी नवे स्पीकर घेतले आणि त्यांना तांब्याची जाड वायर जोडली. त्याच महिन्यात जळगावला माझ्या धाकट्या जावेकडे गेलो, तर ती दारातच म्हणाली, "अक्का, आमनी वायर चांदीनी शे!" चांदीची वायर जोडलेल्या स्पीकरवर तिने गाणं लावलं. आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "काय गोड आवाज आहे!" आमच्या स्पीकरबद्दल ते असं कधी बोलले नव्हते. माझा जीव जळला. परतल्यावर, ते ऑफिसला गेलेले असताना, मी वायर सोडवली, तिची उघडी टोकं चिंच-मिठाने लख्ख घासली आणि ओलसरच परत जोडली. पंधरा दिवसांत एक स्पीकर खरखरू लागला, मग मुकाच झाला. आजोबांनी वायर काढली तर टोकं हिरवी पडलेली, वर चिंचेचा वाळका गर चिकटलेला. "हिला चिंच कुणी लावली?" त्यांनी विचारलं. "तिची चांदीची आहे ना," एवढंच मी म्हणाले. ते हसत सुटले. हिरवी टोकं कापून त्यांनी वायर नव्याने सोलली आणि म्हणाले, "अगं, तिचा हॉल मोठा आहे, म्हणून आवाज गोड. वायरीत काही नाही." ते मला पटलंही. तरी अजून जळगावला गेले की मी आधी तिच्या स्पीकरमागे डोकावते, आणि चांदी काळी पडलेली दिसली की तिच्या हातचा चहा मला फार गोड लागतो.