आधी स्वतःच्या कानाला

धुळ्याहून दोंडाईच्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, मांडीवर मेथीची पिशवी. मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपमध्ये तिच्या धाकट्या भावानं लिहिलं होतं की आई आजारी असताना अक्का फिरकलीसुद्धा नाही. अक्का म्हणजे हीच. तिनंच मला ते दाखवलं.

मग फोन तोंडाशी धरून तिनं असा काही निरोप बोलून भरला, की पुढच्या सीटवरचे मागे वळले. पण तो पाठवला नाही. फोन कानाला लावून, डोळे मिटून स्वतःच ऐकला आणि पुसून टाकला. दुसरा भरला, ऐकला, तोही पुसला.

"पाठवत का नाही?" मी न राहवून विचारलं.

"जे मनाच कानले सोसायनं नही, ते भाऊना कानमा कसं टाकू?" ती अहिराणीत म्हणाली; मनाच कानले, म्हणजे माझ्याच कानाला.

स्वतःचा राग असा परक्यासारखा ऐकणारं माणूस मी प्रथमच पाहत होतो.

तिसऱ्यांदा तिनं तो जेवला का, एवढंच विचारलं, "भाऊ, जेवना का तू?" आणि त्याच ग्रुपवर, सगळ्यांदेखत पाठवलं.

दोंडाईचा जवळ आलं तेव्हा भावाचं उत्तर आलं, तेही बोलून भरलेलं; तिनं ते मोठ्यानं लावलं. मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज होता. भाऊ म्हणत होता, "अक्का, घर कधी येशी?"